आणखी कोणतं पुस्तक घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठवीत. सामान्य ज्ञानाची तीन जाडजूड पुस्तकं तिनं जवळजवळ तोंडपाठ केली आहेत. शाळेतल्या फेरीत पहिली आली, पण आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत प्रश्न जरा फिरवून आले आणि ती गप्प बसली. घरी येऊन रडली. आता आई विचारतेय, आणखी कोणतं पुस्तक घेऊ?

ताई, तूर्त एकही घेऊ नका.

मी गेली सव्वीस वर्षं प्रश्नमंजूषा घेतोय. शाळांच्या, कॉलेजांच्या, गणेश मंडळांच्या, एकदा तर एका लग्नात मेंदीच्या रात्रीसुद्धा. प्रश्न काढायचे, ते वाचायचे आणि समोरच्या पोरांचे चेहरे बघायचे, एवढंच काम. त्यामुळे तुमच्या मुलीचं काय झालं असणार याचा मला अंदाज आहे. ‘बटाटा मूळचा कुठला?’ असं विचारलं असतं तर तिनं सगळ्यांच्या आधी बझर दाबला असता. विचारलं असणार असं काहीतरी: ‘सम्राट अशोकाच्या स्वयंपाकघरात यांपैकी कोणती वस्तू असणं शक्य होतं? बटाटा, मिरी, शेंगदाणा की टोमॅटो?’ लागणारी माहिती तीच. पण आता ती दोन ठिकाणी लावून बघावी लागते, आणि पाठ केलेल्या ओळीला ती सवय नसते. (उत्तर मिरी. बाकी तिन्ही अमेरिकेची, आणि अशोकानंतर दीड हजारावर वर्षांनी इथे आलेली.)

‘अमुकचे जनक’, ‘तमुक शहराचे टोपणनाव’, ‘जगातील सर्वात उंच’ या याद्यांशी माझं वैर नाही. पण वाण्याची यादी सामान घरी आलं की आपण फेकून देतो, तशी ही यादी स्पर्धा झाली की जाते. जी माहिती दुसऱ्या एखाद्या माहितीला जाऊन चिकटते तीच टिकते. ती चिकटवायची कशी, हे सांगण्यापेक्षा करून दाखवणं सोपं आहे. त्यासाठी येत्या एकादशीला मुलीला स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं करा.

कढईत काय आहे? साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची. वर जिरं, तूप, मीठ. आता तिला विचारा, यातल्या किती गोष्टी ज्ञानेश्वरांच्या काळात आळंदीत मिळाल्या असत्या? जिरं, तूप आणि मीठ. बस्स. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. मिरची मेक्सिको आणि त्याच्या आसपासची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, म्हणजे टॅपिओका, ब्राझीलकडचा. आपल्या घरातला सगळ्यात सोवळा पदार्थ सातासमुद्रापलीकडून आलेला आहे. ताटात बाजूला उकडलेलं रताळं असेल तर तेही तिकडचंच.

हे एवढं कळलं की मूल हसतं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. खरी गंमत पुढे आहे.

हे सगळं इथे आणलं कुणी? १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला. दोन वर्षांनी त्याच्याच मागून निघालेलं काब्रालचं आरमार वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं आणि तिथून पुढे कालिकतलाच आलं. म्हणजे ब्राझील आणि भारत हे पोर्तुगीजांच्या लेखी एकाच वाटेवरचे दोन थांबे होते. १५१० मध्ये गोवा त्यांच्या हातात गेलं. त्यानंतर काजू, अननस, पपई, तंबाखू, मिरची हे सगळं याच वाटेनं येत राहिलं. मुलीला जगाचा नकाशा उघडून ही वाट बोटानं काढायला लावा. लिस्बन, ब्राझील, आफ्रिकेचं टोक, मलबार. ती वाट एकदा बोटानं काढली की १४९८ आणि १५१० ही सालं वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

आता भाषेकडे. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांकडून आला होता, आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं! दोन्ही कंद जमिनीखालचे, युरोपीय माणसाला दोन्ही नवे, आणि रताळ्याचं नाव बटाट्याला चिकटलं. मिरचीचं उलट झालं. ती नवी आली, पण नाव जुनं मिळालं. आपल्याकडे तिखटासाठी आधीपासून मिरी होती, संस्कृतातलं मरिच. तसल्याच झोंबणाऱ्या नव्या फळाला लोकांनी ‘मिरची’ करून टाकलं. परदेशी वस्तू देशी नावात, आणि परदेशी नाव चुकीच्या वस्तूवर. दोन्ही एकाच कढईत.

साबुदाण्याची गोष्ट तर त्याहून वाकडी आहे. ‘साबू’ हे मूळ मलय भाषेतल्या ‘सागू’चं रूप. सागू म्हणजे मलाया-इंडोनेशियाकडचं एक ताडासारखं झाड. त्याच्या खोडातल्या गरापासून दाणे करत, तो खरा साबुदाणा. मग आपण खातो तो कसाव्याचा कसा? १८८०च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी दुष्काळात उपयोगी पडणारं पीक म्हणून कसाव्याच्या लागवडीला जोर दिला. केरळात तो रुजला, शेजारी तमिळ मुलखात पसरला. पुढे दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये जपाननं मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि तिकडचा माल यायचा बंद झाला. त्या टंचाईत सेलमच्या परिसरात कसाव्याच्या पिठापासून दाणे पाडण्याचा धंदा उभा राहिला. आज आपल्या घरात येणारा साबुदाणा बहुतेक तिकडचा असतो. तुमच्या उपवासाच्या ताटात दुसरं महायुद्ध आहे, असं मी शाळेत सांगतो तेव्हा शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो.

विज्ञानही याच कढईत आहे. भुईमुगाचं फूल जमिनीच्या वर येतं, पिवळं, लहानसं. फलन झालं की त्याच्या बुडातून एक देठ खाली वाकतो, मातीत शिरतो आणि शेंग मातीच्या आत धरते. शेतकरी त्या देठांना आऱ्या म्हणतात. आऱ्या सुटायच्या वेळी जमीन भुसभुशीत हवी, म्हणून तेव्हा मातीची भर देतात. फूल वर, फळ खाली अशी दुसरी वनस्पती सांग, असं विचारलं की मुलं ‘बटाटा’ म्हणतात. पण बटाटा हे फळ नव्हेच, ते जमिनीखालचं फुगलेलं खोड आहे. डोळे असतात ना बटाट्याला, ते त्या खोडाचे कोंब. आणि रताळं? ते मूळ. खोड आणि मूळ, एकाच टोपलीत.

मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे येतो ते पक्ष्यांना झोंबत नाही. सस्तन प्राणी बी दाढेखाली चिरडतात, पक्षी ती अख्खी गिळतात आणि लांब नेऊन टाकतात. झाडाच्या फायद्याचा कोण, ते उघड आहे. पिंजऱ्यातल्या मिठूला आपण हिरवी मिरची देतो ती तो मजेत खातो, यामागे हे आहे. आणि ‘तोंड भाजलं’ ही नुसती बोलण्याची पद्धत नाही. जिभेवरचा जो ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, उष्णता ओळखतो, नेमका त्याच्यावर कॅप्सायसिन जाऊन बसतं. मेंदूला कळतं ते ‘चटका’. हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला.

आणखी एक, राजगिरा. तोही मूळ अमेरिकेचाच. मेक्सिकोतले अझ्टेक लोक त्याचं पीठ मधात मळून देवांच्या मूर्ती करत आणि नंतर प्रसादासारखे तुकडे वाटून खात. स्पॅनिश मिशनऱ्यांनी ते मोडून काढायचा प्रयत्न केला. तरी फुललेला राजगिरा मधात थापून केलेली वडी मेक्सिकोत आजही विकतात. आपल्याकडे मधाऐवजी गूळ. तिकडचा देवाचा पदार्थ इकडे येऊनही देवाच्या दिवशीच खाल्ला जातो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

उपवासाला हेच पदार्थ का चालतात, हे ती विचारेलच. माझा अंदाज असा की निषेध धान्याचा होता, आणि धान्यांची यादी जुन्या काळात ठरलेली. नवे कंद आणि दाणे त्या यादीत नव्हतेच, म्हणून ते सुटले. हा अंदाज आहे, तो तिला अंदाज म्हणूनच सांगा. घरात आजी असेल तर तिचं म्हणणं वेगळं असेल. तेही लिहून घ्यायला लावा.

तर पद्धत ही. एक वस्तू घ्यायची आणि तिला चार बाजूंनी विचारायचं: तू कुठली, इथे कशी आलीस, तुझं नाव असं का, आणि तू चालतेस कशी? शंभर पानी वही पुरते. एका वस्तूला एक पान, आठवड्याला एक वस्तू. पन्नास आठवड्यांत पन्नास पानं होतात आणि प्रत्येक पानावर दहा-बारा तरी गोष्टी असतात, ज्या एकमेकींना ओळखतात.

पण याच्या इतकीच महत्त्वाची दुसरी बाजू आहे, आणि ती मी फजिती होऊन शिकलो.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका तालुक्याच्या गावी अंतिम फेरी होती. मी प्रश्न टाकला, ‘हेलियमचा शोध कोणत्या किल्ल्यावरून लागला?’ एका संघानं बझर दाबला, ‘विजयदुर्ग’. मी दहा गुण दिले. शेजारच्या संघातली एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, हातात पट्टी. म्हणाली, “सर, आमच्या पुस्तकात गुंटूर लिहिलंय. आणि हेलियम शोधणारे लॉकियर साहेब तेव्हा इंग्लंडमध्ये होते म्हणून लिहिलंय. मग ते किल्ल्यावर कसे असतील?” मी म्हणालो, “दोन्हीकडून लागला, बाळा. बस खाली.” लोक हसले. तिचा संघ त्याच दहा गुणांनी हरला.

मला ते खटकत राहिलं म्हणून शोधायला बसलो. तेव्हा मोबाइल नव्हता. ग्रंथालयात तीन-चार खेपा झाल्या. जे हाती लागलं ते असं.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतावरून गेलं. ते टिपायला ठिकठिकाणी तंबू पडले. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला. लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. तिथे त्याला ढगांनी छळलं. सगळ्यांकडे नवं हत्यार होतं, प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारा वर्णपटदर्शक. त्यातून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांकडे बघितलं तर ठरावीक रंगांच्या तेजस्वी रेषा दिसतात आणि त्यावरून तिथे कोणतं मूलद्रव्य जळतंय—

थांबा. इथे ‘जळतंय’ हा शब्द चूक आहे, आणि मी तो वर्षानुवर्षं वापरला. ते तापलेलं असतं, जळत नसतं. आणि हे समजायला पुन्हा स्वयंपाकघरातच जावं लागतं. मीठ घातलेल्या भाताचं पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत भसकन पिवळी होते. ती पिवळी मिठातल्या सोडियममुळे. ज्योतीत तापलेला सोडियम नेहमी तोच पिवळा रंग देतो, मग मीठ मिठागरातलं असो नाहीतर सैंधव. वर्णपटात त्याच्या दोन रेषा अगदी शेजारी येतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा आपापल्या रेषा असतात. म्हणून पंधरा कोटी किलोमीटर लांबच्या सूर्यात काय आहे, हे तिथे न जाता कळतं.

तर सूर्याच्या ज्वाळांत हायड्रोजनच्या रेषांबरोबर एक पिवळी रेषा दिसली. पहिल्यांदा वाटलं सोडियमच असणार. पण ती सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली होती, ५८७.६ च्या आसपास.

इकडे जान्सेनना ग्रहण चालू असतानाच सुचलं की या रेषा इतक्या ठळक आहेत तर ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गुंटूरलाच ते करून पाहिलं. दिसल्या. तिकडे लंडनमध्ये नॉर्मन लॉकियर नावाचा, युद्धखात्यात कारकुनी करणारा हौशी खगोलनिरीक्षक स्वतंत्रपणे त्याच मागे होता. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याला घरबसल्या, ग्रहणाशिवाय त्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पिवळी रेषा ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही, ही नवीन चीज आहे, हे लॉकियरनं पुढे लावून धरलं, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव रूढ झालं. शेवटचा ‘-यम’ धातूंना असतो तसा आहे, कारण तो धातू असावा असं तेव्हा वाटलं होतं. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन या ‘-ऑन’वाल्या भावंडांत हेलियम एकटाच ‘-यम’वाला का, हा माझा आवडता प्रश्न आहे. उत्तर रसायनशास्त्रात नाही, त्या वेळच्या गैरसमजात आहे.

पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडलं. विल्यम रॅम्झेनं युरेनियम असलेल्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला आणि तीच पिवळी रेषा समोर आली. युरेनियममधून हेलियम का निघावा? कारण युरेनियम, थोरियम तुटताना जे अल्फा कण बाहेर फेकतात ते हेलियमचे केंद्रकच असतात, हे पुढे रदरफर्डनं दाखवलं. वाढदिवसाच्या फुग्यातला हेलियम सूर्यावरून आलेला नाही. तो खडकांत कोट्यवधी वर्षं असा थेंबाथेंबानं साठलेला आहे.

आता विजयदुर्ग. लॉकियरच्या कामाचा सगळा डौल यात की त्याला ग्रहणाची गरजच पडली नाही. मग तो १८६८ मध्ये ग्रहण बघायला कोकणातल्या किल्ल्यावर कशाला येईल? त्या मुलीनं दोन ओळींत जे विचारलं होतं ते हेच, आणि मी तिला बसवलं.

पण किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे दगडी ओटे दाखवतात ते खोटे नाहीत. लॉकियर तिथे आला होता, फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण कोकणातून, सोलापूर भागातून, वऱ्हाडातून पुढे बिहारकडे गेलं. त्यासाठी लॉकियर आपला चमू घेऊन विजयदुर्गाला उतरला आणि ब्रिटिश आरमारातल्या ‘मेल्पोमेनी’ जहाजावरच्या खलाशांना त्यानं मदतनीस म्हणून तयार केलं. एकाच माणसाचं नाव, एकाच देशातली दोन ग्रहणं, आणि डोळ्यांसमोर दगडी ओटे. लोकांच्या बोलण्यात दोन्ही ग्रहणं एक झाली. आजही १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो. होऊ दे. मुलं त्या निमित्तानं किल्ल्यावर जातात हे चांगलंच आहे. फक्त स्पर्धेत ‘विजयदुर्ग’ला गुण देऊ नयेत.

तेव्हापासून कुठलीही चकचकीत माहिती मी एका कसाला लावतो: माणूस, जागा आणि तारीख, ही तिन्ही एकाच वेळी एकत्र होती का? मोबाइलवर फिरणाऱ्या निम्म्या ‘अभिमानास्पद’ गोष्टी या एका प्रश्नावर गळतात. तुमच्या मुलीच्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाला एक रांग ठेवा, ‘शंका’. तिथे ती रिकामी ठेवू लागली तर समजा पुन्हा पाठांतर सुरू झालंय.

खोटं गळल्यावर खरं कमी पडतं असंही नाही. २२ जानेवारी १८९८ हा दिवस घ्या. लॉकियर विजयदुर्गात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला. पुणे-सोलापूर गाडी आजही त्या स्टेशनवरून जाते, आणि इथे एकेकाळी जगभरच्या दुर्बिणी लागल्या होत्या हे डब्यात कुणाच्या गावीही नसतं. मुंबई इलाख्यात प्लेग. पुण्यात रँडचा खून होऊन सात महिने झालेले, दामोदर चापेकर कैदेत, तीन महिन्यांनी फाशी. आणि लोकमान्य टिळक? राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन तेही तुरुंगात. मृगशीर्षाच्या जागेवरून वेदांचा काळ काढणारा ‘ओरायन’ त्यांनी पाचच वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये प्रसिद्ध केला होता. आकाशाचं गणित ज्यांना एवढं प्रिय, ते त्या दुपारी भिंतीआड होते. विज्ञानाच्या पुस्तकात हे ग्रहण एका पानावर, इतिहासाच्या पुस्तकात प्लेग दुसऱ्या पानावर, आणि मुलांना कधी कळतच नाही की हे एकाच वर्षातलं आहे.

म्हणून सालं पाठ करायचीच असतील तर आडवी करा. ‘त्याच वर्षी आणखी काय?’ १८६८ ला सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा मोंगकुट यानं त्याच ग्रहणाचं गणित स्वतः मांडलं, पाहुण्यांना घेऊन समुद्रकाठच्या जंगलात गेला, ग्रहण त्याच्या हिशोबाप्रमाणे दिसलं, आणि तिथे झालेल्या हिवतापानं १ ऑक्टोबरला तो गेला. किंवा विजयदुर्गच घ्या. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि वॉटसन व क्लाइव्ह यांनी घेरिया, म्हणजे विजयदुर्ग, तोफांनी फोडला. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. मग ते दोघं कुठे गेले? मद्रासमार्गे बंगालला. जून १७५७, प्लासी. कोकणच्या पुस्तकातला क्लाइव्ह आणि बंगालच्या पुस्तकातला क्लाइव्ह हा एकच माणूस, दीड वर्षाच्या अंतरानं. मी हा प्रश्न पदवीच्या मुलांना विचारतो, आणि सहसा उत्तर येत नाही.

आणखी एक साखळी फक्त दाखवून सोडतो, पानं तिनं भरावीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थर, त्याची झालेली काळी माती, काळ्या मातीतला वऱ्हाडचा कापूस, १८६१ ते १८६५ चं अमेरिकेतलं यादवी युद्ध, त्यामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्या कापसाची पडलेली गरज, मुंबईत आलेला पैशाचा पूर आणि १८६५ मधली दिवाळखोरी, प्रेमचंद रायचंद यांची देणगी, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर. ज्वालामुखीपासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत.

चालू घडामोडींचं विचारलं नाहीत, पण विचाराल. एक वर्तमानपत्र, रोज वीस मिनिटं, आणि बातमीत आलेलं प्रत्येक ठिकाण नकाशात बघायचं. बाकी काही नको. पुरस्कारांच्या याद्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात बघितल्या तरी चालतात.

स्पर्धेच्या तंत्राचं एकच सांगतो. उत्तर येत नसेल तेव्हा गप्प बसू नये, शक्य नसलेलं आधी बाद करावं. अशोकाच्या स्वयंपाकघराचा प्रश्न आठवा. मिरी माहीत असण्याची गरज नव्हती, बाकीच्या तिघांची वाट माहीत असणं पुरे होतं. हे घरी जेवताना खेळता येतं. पन्नाशीतल्या बाबांना यात मुलीपेक्षा जास्त मजा येते, असा माझा अनुभव आहे.

आणि पुस्तकंच म्हणाल तर तीन गोष्टी घरात हव्यात. एक चांगला नकाशासंग्रह, भिंतीवर नव्हे, हाताशी. मराठी विश्वकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईत सुरू झालेला. तो आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि त्यातल्या नोंदी एकातून दुसरीकडे नेतात. तिसरा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८३१ मध्ये पहिल्यांदा निघाला, १८५७ मध्ये सुधारून वाढवला. शब्द कुठून आला याच्या खुणा त्यात जागोजागी आहेत, आणि जुनी मराठी माणसं काय खात, काय वापरत, कशाला काय म्हणत, हे चाळता चाळता कळतं. हाही नेटवर आहे.

वहीचं पहिलं पान मी देतो. तुमच्या भागात कुठे ना कुठे बांधकाम चालू असेलच. तिथे वाळू वाहायला जे घमेलं वापरतात, त्या शब्दाचं पान. परात, बिजागरी, लिलाव आणि तुरुंग हे त्याचेच सोबती आहेत, एवढी खूण पुरे. उत्तर इथे लिहीत नाही, कारण हे ती वाचणार असेल.